देखाव्यात दिघोरी नाही

गेल्या सव्वीस जानेवारीला दिघोरीच्या एका शाळेने मला पाहुणा म्हणून बोलावले होते. मी निवृत्त बँक अधिकारी आहे आणि काही कादंबऱ्याही माझ्या नावावर आहेत, त्यामुळे अशी आमंत्रणे अधूनमधून येतात. बँकवाला म्हणून बोलावले तर बचतीवर बोलायचे, लेखक म्हणून बोलावले तर वाचनावर. दिघोरीचे बोलावणे आले तेव्हा मात्र मी विषयही विचारला नाही. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या या गावी, म्हणजे मोठ्या दिघोरीत, मी ऐन तारुण्यातली तीन वर्षे काढली आहेत. बढती हवी असेल तर ग्रामीण शाखेत जा, असा तेव्हाचा रिवाज होता. नाइलाज म्हणून गेलो आणि आजही त्या गावाचे नाव कानावर पडले की मान वळते.

झेंडावंदन झाले, कवायत झाली, भाषणेही झाली. मग मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात नेले. दोन खांबांच्या मध्ये सुतळी बांधून तिला चिमट्यांनी मुलांची चित्रे लावली होती. चाळीसेक कागद असतील. त्यांतल्या निम्म्याहून अधिक कागदांवर एकच चित्र होते: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात उगवणारा किंवा मावळणारा सूर्य, डोंगरातून निघून सरळ पाहणाऱ्याच्या अंगावर येणारी निळी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी आणि तिच्या शेजारी वाकलेले नारळाचे झाड. आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे चार पक्षी.

चित्राशेजारी एक मुलगी उभी होती. सहावीतली असावी.

"हा डोंगर कुठला ग?" मी विचारले.

"डोंगर आहे सर."

"दिघोरीत कुठे आहे असा?"

"दिघोरीत नाही सर."

"आणि हे नारळाचे झाड?"

"तेबी नाही."

"मग दिघोरी का नाही काढलीस?"

तिने माझ्याकडे थोडे आश्चर्याने पाहिले. पाहुण्याला एवढेही कळू नये याचे ते आश्चर्य होते. "हे दिघोरी नाही जी सर," ती म्हणाली. "हा देखावा आहे."

शिक्षक हसले, मीही हसलो. पण परतताना गाडीत ते वाक्य माझ्या मागे लागले. शाळेच्या कुंपणापलीकडे जानेवारीतली दिघोरी पसरलेली होती. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत लाखोळीची निळी फुले आली होती. धुऱ्यांवर शिंदीची झाडे तिरपी उभी होती. बोडीच्या उथळ पाण्यात बगळे, आणि त्यावर झाडीपट्टीत थंडीच्या दिवसांत असते ते पातळ धुके. हे सारे व्हरांड्यातून दिसत होते. ते पाहून पोरीने कागदाकडे मान वळवली होती आणि नारळ काढला होता.

मराठीत 'देखावा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, डोळ्यांना दिसणारे दृश्य. दुसरा, जे नाही ते असल्याचा आव. आपल्या शाळांतल्या चित्रकलेने या दोन अर्थांतले अंतर केव्हाच मिटवून टाकले आहे.

आता थोडे मागे जातो. साल 1988. शाखेच्या भिंती उघड्या होत्या. व्याजदराचा फळा, एक घड्याळ आणि बँकेचे कॅलेंडर, एवढीच सजावट. त्या कॅलेंडरवर बर्फाच्छादित डोंगर आणि लाकडी घरे, म्हणजे बहुधा स्वित्झर्लंड. आम्हीच ती कॅलेंडरे दरवर्षी दिघोरीच्या घराघरांत वाटत असू. एकदा नागपूरला गेलो असताना सीताबर्डीच्या पदपथावर जुन्या मासिकांच्या ढिगात मला एक छापील चित्र मिळाले. एक मेंढपाळ पाठमोरा चालला आहे, पुढे मेंढ्यांचा कळप, चिखलाची वाट, दूरवर झाडांची धूसर रांग आणि वर करडे, ओलसर, पाऊस पडून गेलेले किंवा पडणार असलेले आकाश. चित्रकाराचे नाव खाली बारीक अक्षरांत होते, अँटन मॉव्ह. प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो की मी त्या काळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये जाऊन सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे पाहून येत असे. तेवढीच माझी या विषयातली पुंजी. मॉव्हचे नाव मी ऐकलेले नव्हते. चित्र आवडले, फ्रेम केले आणि शाखेत माझ्या टेबलामागे लावले.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. स्वित्झर्लंडसमोर कधी कोणी थांबत नसे. या चित्रासमोर कास्तकार थांबत. ओळीत उभे राहून कंटाळलेला माणूस सहज वर पाही आणि पाहतच राही. एक म्हातारे गृहस्थ तर दर खेपेस पाहत. तलावाखाली त्यांची चारेक एकर धानाची जमीन होती आणि तिच्यावर आमच्या शाखेचा बोजा होता. एकदा त्यांनी विचारले, "साहेब, हा कोनत्या गावचा आखर होय जी?"

आखर म्हणजे गावची गुरे सकाळी गोळा होतात ती जागा. मी सांगितले, हे हॉलंड आहे, फार लांबचा देश.

"तिकडं बी असाच ढगार रायते का जी?"

राहते, मी म्हणालो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ते कर्ज फेडायला आले. मुलीचे लग्न ठरले होते आणि जमिनीतला तलावालगतचा तुकडा विकायचा होता. बोजा उतरल्याशिवाय विक्री होत नाही, म्हणून आधी बँकेचे पैसे भरायचे, नादेय दाखला घ्यायचा आणि तलाठ्याकडे पत्र न्यायचे. सगळे सोपस्कार झाले. कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवल्यावर ते उठले नाहीत. चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, वावर तं इकाच लागते. पन त्या मानसाले सांगून असा एक फोटू होते का जी, आपल्या बांधीचा?"

मी त्यांना म्हणालो, "काकाजी, ते गृहस्थ केव्हाच वारले." आणि समजूत म्हणून गहाणखताची, सातबाऱ्याची एकेक प्रत काढून दिली. त्यांनी ती नम्रपणे घेतली. त्या कागदांवर सगळे होते. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, पीक, इतर हक्क, चतुःसीमा. त्यांना जे हवे होते तेवढे नव्हते.

पुढे या मॉव्हविषयी वाचत गेलो तेव्हा कळले की तो 5 फेब्रुवारी 1888 ला वारला. म्हणजे दिघोरीच्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे काम पाठवू पाहिले, तेव्हा त्याला जाऊन शंभर वर्षे झाली होती.

हा मॉव्ह 1838 साली हॉलंडमध्ये झानडॅमला जन्मला, हार्लेमला वाढला आणि पुढे हेग शहरात राहू लागला. त्याच्या पिढीतल्या तिथल्या चित्रकारांना 'हेग स्कूल' म्हणतात. चेष्टेने 'करडे स्कूल'ही म्हणत, कारण त्यांच्या चित्रांत झगमगीत रंग नसत. ढग, चिखल, गवत, गाय, मेंढी, पाण्याने भरलेले चर आणि या सगळ्यांवर पसरलेली ओली हवा हेच त्यांचे विषय. त्यांनी काढली ती खरे तर हवाच. करडा म्हणजे काळा अधिक पांढरा, असे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या करड्यात निळा, तांबूस, हिरवट असे सारे रंग दबून बसलेले असतात. आषाढात रोवणीच्या वेळी दिघोरीच्या बांधीत पाहा, तोच करडा दिसेल. पाणी भरलेल्या बांधीत निम्मे आकाश जमिनीवरच उतरलेले असते.

मॉव्हची आणखी एक ओळख आहे. त्याची बायको व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या आईच्या माहेरच्या नात्यातली, व्हिन्सेंटची बहीण. 1881 च्या अखेरीला व्हिन्सेंट त्याच्याकडे शिकायला आला. मॉव्हने त्याला जलरंग आणि तैलरंग हाताळायला शिकवले, हेगमध्ये खोली मांडायला पैसेही दिले. बँकेच्या भाषेत बोलायचे तर विनातारण कर्ज. काही महिन्यांतच दोघांचे बिनसले. पण 1888 च्या वसंतात, दक्षिण फ्रान्समध्ये असताना, मॉव्ह गेल्याचे व्हिन्सेंटला कळले तेव्हा त्याने बहरलेल्या पीच झाडांचे आपले एक उत्तम चित्र 'मॉव्हच्या आठवणीसाठी' असे लिहून त्याच्या विधवेकडे धाडले.

मला मॉव्हपेक्षाही कुतूहल वाटते ते त्याच्या मागच्या परंपरेचे. इंग्रजीतला 'लँडस्केप' हा शब्द मुळात डच भाषेतून आला. शब्द ज्यांनी दिला त्यांनी ती वस्तूही दिली. सतराव्या शतकापूर्वी युरोपातल्या चित्रांत निसर्ग बहुधा मागच्या बाजूला असे. पुढे संत, राजे, देवदूत. डचांनी पुढची माणसे बाजूला सारली आणि मागचे शेत पुढे आणले. याकोब व्हान रॉइस्डालने 1670 च्या सुमारास हार्लेम शहराची काढलेली चित्रे पाहा. खाली धुऊन उन्हात पसरलेले तागाचे कापड, क्षितिजावर चर्चचा आकार, आणि वर चित्राचा दोनतृतीयांश भाग नुसते आकाश.

हे तिथेच का झाले? याची एकाहून अधिक कारणे आहेत. पण त्यांतली दोन मला, बँकवाल्याला, लगेच पटतात. पहिले असे की त्यांची जमीन त्यांनी स्वतः केलेली होती. बेमस्टर नावाचा मोठा तलाव पवनचक्क्या लावून उपसून 1612 साली त्यांनी कोरडा केला आणि तिथे शेती वसवली. पैसा ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा होता. समुद्राकडून जी जमीन हिसकावून घेतली, तिच्याकडे माणूस वेगळ्या डोळ्यांनी पाहणारच. दुसरे कारण गिऱ्हाइकाचे. तिथे चित्र विकत घेणारा राजा किंवा चर्च नव्हते. तिथे दुकानदार, कारागीर, सधन शेतकरी चित्रे घेत आणि घरात लावत. जॉन एव्हलिन नावाचा इंग्रज प्रवासी 1641 साली रॉटरडॅमच्या जत्रेत गेला, तेव्हा चित्रांनी, त्यातही निसर्गचित्रांनी भरलेला बाजार पाहून तो थक्क झाला आणि इथले शेतकरीसुद्धा चित्रांत पैसा गुंतवतात असे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले. त्यात अतिशयोक्ती असेल. पण ज्या जत्रेत बैल, भांडी आणि घोंगड्यांच्या शेजारी आपल्याच शिवाराची चित्रे विकायला ठेवलेली असतात, ती जत्रा मला पाहावीशी वाटते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. तिथे सगळे मिळते. देवांचे फोटो मिळतात, नटनट्यांचे मिळतात, धबधबेही मिळतात.

आता यातले पहिले कारण भंडारा जिल्ह्याला लावून पाहा. हा तलावांचा जिल्हा. इथले जुने तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी उताराचा अचूक अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या, पाणी अडवले आणि त्याखाली धान पिकवले. डचांनी पाणी उपसून शेती केली, आमच्या लोकांनी पाणी धरून केली. करामत तीच. जमीनही तशीच सपाट, आकाश तसेच मोठे, हवा चार महिने तशीच ओली. म्हणजे दिघोरीच्या म्हाताऱ्याला हॉलंड आपल्या गावचा आखर वाटला, यात त्याचे काही चुकले नव्हते. चित्र समजायला लागते तेवढे सगळे ज्ञान त्याच्यापाशी होते.

मग आमचा मॉव्ह कुठे आहे?

महाराष्ट्राला निसर्गचित्रकार मिळाले नाहीत असे कोणी म्हणू नये. कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस कोल्हापुरात परतला, राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला, आणि 1931 मध्ये डोळे मिटेपर्यंत तो रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हेच पुन्हापुन्हा रंगवत राहिला. शाहू महाराज 1922 मध्ये गेल्यावर विषण्ण होऊन त्याने आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. कथा खरी असो वा नसो, जी चित्रे उरली ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पाहता येतात. ती पाहिलेला माणूस रंकाळ्यावर गेला की आबालालच्या डोळ्यांनी संध्याकाळ पाहतो. आज कोल्हापूरकर रंकाळ्यासाठी जे भांडतात, त्याच्या मुळाशी इतर अनेक गोष्टींबरोबर आबालालही आहे, असे माझे मत आहे.

भंडाऱ्याच्या वाट्याला हे आले नाही. त्याला कारणे आहेत. 1857 साली निघालेली जे. जे. कलाशाळा मुंबई इलाख्यातली. आम्ही मध्य प्रांतातले. 1956 पर्यंत आमचे राज्यच वेगळे होते. आमच्या पोराला कलाशाळा परमुलखात, आणि तिथल्या चित्रकाराला झाडी म्हणजे वाघ आणि हिवताप. नाशिकचे घाट, वाईचा कृष्णाकाठ, सह्याद्रीच्या रांगा, कोकणचा किनारा हे महाराष्ट्राचे निसर्गचित्र ठरले आणि पाठ्यपुस्तकांत, कॅलेंडरांत, वर्गातल्या फळ्यांवर तेच उतरत गेले. त्या सहावीतल्या पोरीचे दोन त्रिकोण आणि नारळ तिथूनच आलेले आहेत. सह्याद्री आणि कोकण यांची ती झिजलेली, शंभर वेळा नक्कल झालेली शेवटची प्रत आहे. शासकीय चित्रकला परीक्षांत 'स्मरणचित्र' नावाचा विषय असतो. नाव किती चांगले आहे! प्रश्न इतकाच की दिघोरीच्या मुलाने कोणाचे स्मरण काढायचे?

आमच्याकडे रंगवणारे हात नव्हते, असेही नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीला पडदे लागतात. रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, जंगलाचा पडदा. वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी असे पडदे रंगवणाऱ्यांचे काम मी रात्र-रात्र पाहिले आहे. पंधरा-वीस फुटांच्या कापडावर ज्याला झाडांची खोली दाखवता येते, त्याला बांधी रंगवता आली नसती का? आली असती. त्याला कोणी सांगितले नाही, इतकेच. आणि तोही जंगलाच्या पडद्यावर, जंगल शिवारापासून दोन मैलांवर असताना, धबधबा आणि हरणे काढी, कारण गिऱ्हाईक तेच मागे.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे पोट भरलेल्या माणसाचे विचार आहेत. धानाला भाव नाही, पाऊस लहरी, तरुण पोरे हैदराबाद-पुण्याला कामाला जातात, आणि तुम्ही चित्रांच्या गोष्टी करता. हा आक्षेप मी स्वतःला बरीच वर्षे घेतला आहे आणि त्यात तथ्य आहे. शहरी माणसाच्या दिवाणखान्यातले खेडे हे अनेकदा खोटे असते. त्यात चिखल दिसतो, कर्ज दिसत नाही. मॉव्हही यातून सुटला नाही. त्याच्या उत्तरायुष्यात लारेन गावच्या मेंढ्यांची चित्रे अमेरिकन गिऱ्हाइकांना इतकी आवडू लागली की 'येणाऱ्या मेंढ्या' आणि 'जाणाऱ्या मेंढ्या' यांचे भाव वेगवेगळे लागत. बाजाराचा गुण हा की तो कशालाही भाव लावतो, आणि दोषही तोच.

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना मी त्या म्हाताऱ्याची आठवण करून देईन. चित्र मी मागितले नव्हते, शहरातल्या कोणी मागितले नव्हते. ज्याची जमीन जाणार होती त्याने मागितले होते. त्याला चैन करायची नव्हती. त्याला निरोप द्यायचा होता आणि काहीतरी जवळ ठेवायचे होते. गरिबाला फक्त भाकरी लागते, असे मानणे हा गरिबाचा अपमान आहे, आणि तो आपण सद्भावनेने करतो म्हणून अधिकच वाईट.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, दिवसाला शंभर फोटो निघतात, चित्र कशाला? फोटो निघतात हे खरे. पण लग्नाचे निघतात, वाढदिवसाचे निघतात, पुढाऱ्यांचे निघतात. शिवारात काढलेल्या फोटोतसुद्धा पुढे आपण असतो आणि मागे धान. म्हणजे रॉइस्डालपूर्वीच्या युरोपात गेल्यासारखे. शिवाय फोटोला क्षण पुरतो. चित्राला बसावे लागते. दोन तास एका धुऱ्यावर बसलेल्या मुलाला कळते की पाणी कोणत्या बांधीतून कोणत्या बांधीत उतरते, सावली कुठे सरकते, कुठली पाळ खचली आहे. पाहणे ही सवय आहे, आणि ती लावावी लागते.

या सवयीवर फार काही अवलंबून आहे. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. ते व्हायलाच हवे होते. पण त्याबरोबर पाळ दुरुस्त करणारा, गाळ काढवणारा, पाणी वाटून देणारा जो गावचा रोजचा बंदोबस्त होता तोही सुटत गेला, आणि 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव कागदावर 'मामा तलाव' असे आखूड होत असताना पुष्कळ तलावही गाळाने तसेच आखूड होत गेले. कोणी मुद्दाम बुडवले नाही. कोणी पाहिले नाही. ज्या वर्षी तो म्हातारा माझ्याकडे आला, त्याच 1988 च्या एप्रिलमध्ये पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. पुढे वैनगंगेकाठची गावे उठली, नव्या गावठाणांत गेली. धरण हवे की नको हा वाद इथे नाही. पण त्या गावांच्या फायलींत काय असते ते मला ठाऊक आहे, कारण तसले कागद मी आयुष्यभर हाताळले: घराचे चौरस फूट, झाडांची जातवार संख्या, विहिरीची किंमत. पंचनाम्यात आंब्याचे झाड एक, असे लिहिलेले असते. तो आंबा नदीकडे कसा झुकला होता हे लिहायला रकाना नसतो.

तो रकाना कोणी भरायचा? मला वाटते, हे काम मोठ्या चित्रकाराची वाट पाहत बसण्याचे नाही. ग्रामपंचायतीने, पतसंस्थेने, बँकेने कॅलेंडर छापायचेच असते. त्यावर स्वित्झर्लंडऐवजी तालुक्यातल्या पडदे रंगवणाऱ्याकडून काढून घेतलेला आपला तलाव छापायला खर्च फारसा वाढत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत ही साधी सूचना मी एकदाही कागदावर मांडली नाही, ही माझी कसूर आहे. प्रकल्पात जाणाऱ्या गावाच्या पंचनाम्याबरोबर चार चित्रे करून घ्यावीत आणि नव्या गावठाणाच्या शाळेत लावावीत. मोबदल्याच्या रकमेपुढे हा खर्च कोणाला दिसणारही नाही. आणि सगळ्यांत आधी, मुलांना आषाढात एक दिवस वर्गाबाहेर न्यावे.

हे शेवटचे मी दिघोरीच्या त्या शाळेला कळवले. रंग आणि कागद मी देतो, रोवणीच्या दिवसांत मुलांना तलावाच्या पाळीवर बसवा, अट एकच, डोंगर काढायचा नाही. चित्रकला शिकवणाऱ्या सरांचा फोन आला. माणूस उत्साही, कल्पना त्यांना पसंत होती. पण त्यांची एक खरी अडचण होती. "सर, देखाव्याला मार्क कसे द्यायचे ते ठरलेले आहे," ते म्हणाले. "डोंगराला इतके, नदीला इतके, रंगसंगतीला इतके. याला कसे द्यायचे?"

मी म्हटले, तुम्ही देऊच नका. त्या शिवारात रोवणीला जाणाऱ्या एखाद्या बाईला संध्याकाळी शाळेत बोलवा आणि चित्रे दाखवा. कोणत्या बांधीचे चित्र आहे, कोणाची आहे, हे तिने ओळखले तर पैकीच्या पैकी. नाही ओळखले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसायचे.

मॉव्हचे ते छापील चित्र अजून माझ्या घरी आहे. कागद पिवळा पडला आहे, करडे आकाश तांबूस झाले आहे. दिघोरीच्या पोरांपैकी एखाद्याचे चित्र ओळखले गेले, तर फ्रेम तीच ठेवून आतला कागद बदलायचा, असे मी ठरवले आहे.